अवकाशयात्रेची नाटके आणि इतिहासाचे इमान

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. घरातली मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसली आहेत आणि पडद्यावर एक प्रचंड अग्निबाण ज्वाळा ओकत आकाशात झेपावतो आहे. नियंत्रण कक्षातला कुणी कपाळावरचा घाम पुसतो, कुणाची पत्नी डोळे मिटून देवाचे नाव घेते. प्रसंग संपतो आणि घरातले एखादे दहा-बारा वर्षांचे पोर विचारते, "हे खरंच असं झालं होतं का हो?" मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. एक जण म्हणतो, "झालंच असणार, उगीच का दाखवतील?" दुसरा म्हणतो, "छे हो, सगळं नाटक असतं!" प्रश्न तिथेच मिटतो.

मला वाटते, ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. पडद्यावरचे सगळेच खरे मानणे जितके सोपे, तितकेच सगळे खोटे मानणेही सोपे. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर थोडे श्रम पडतात. काय घडले होते, नाटककाराने त्यात काय बदलले, आणि तो बदल चालण्यासारखा आहे की नाही, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. आज मी तुमच्याबरोबर तेवढेच करणार आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अवकाशयात्रेचा इतिहास हा इतर इतिहासासारखा नाही. शिवकालाचा किंवा पेशवाईचा अभ्यास करणाऱ्याला एकेका कागदासाठी दप्तरे धुंडाळावी लागतात. इथे उलट प्रकार आहे. चंद्राकडे गेलेल्या माणसांचा शब्द न् शब्द ध्वनिफितीवर उतरवलेला आहे. त्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा पृथ्वीवर मोजले जात होते. कोणती कळ कोणत्या सेकंदाला दाबली, याची नोंद आहे. म्हणजे नाटककाराला "कागदच नव्हते, मग मी काय करू?" असे म्हणण्याची सोय नाही. त्याने काही बदलले असेल, तर ते जाणूनबुजून बदललेले असते, आणि म्हणूनच त्याला "का?" असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

एक लहानसे उदाहरण घेऊ. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान चंद्राकडे चालले होते. पृथ्वीपासून सुमारे ३,२०,००० किलोमीटरवर असताना त्यातली प्राणवायूची एक टाकी फुटली. प्रथम जॅक स्विगर्ट आणि लगेच त्याच्यामागून जिम लॉव्हेल यांनी ह्यूस्टनच्या केंद्राला ती बातमी दिली. त्यांच्या मूळ शब्दांचा सूर असा होता, की आम्हांला इथे एक अडचण येऊन गेली. १९९५ साली या प्रसंगावर चित्रपट निघाला. त्यात ते वाक्य एकट्या लॉव्हेलच्या तोंडी गेले आणि "अडचण येऊन गेली" याचे "अडचण आहे" असे झाले. आज जगभर तेच बदललेले वाक्य लोकांच्या तोंडी आहे. यात कुणाचे काय बिघडले? फारसे काही नाही. वर्तमानकाळाने प्रसंगाला धार येते, एवढाच नाटककाराचा विचार. असा बदल आपण सोडून देऊ.

त्याच चित्रपटात उड्डाण संचालक जीन क्रांझ आपल्या माणसांना बजावतो, की अपयश हा पर्यायच नाही. हे वाक्य त्या चार दिवसांत क्रांझ बोललेला नव्हता. ते पटकथा लिहिणाऱ्यांनी घडवले. पण गंमत अशी, की क्रांझला ते इतके आवडले, की २००० साली आपले आत्मचरित्र लिहिताना त्याने तेच वाक्य शीर्षक म्हणून घेतले! खोटे वाक्य खऱ्या माणसाने आपलेसे केले. आता पन्नास वर्षांनी कुणी म्हणेल, "अहो, त्याच्या स्वतःच्याच पुस्तकावर आहे ते!" नाटक इतिहासात शिरते ते असे, मागच्या दाराने.

याच चित्रपटातला तिसरा बदल मात्र मला थोडा अधिक खटकतो. वीज वाचवण्यासाठी अपोलो १३ चे मुख्य यान बंद करून ठेवले होते. थंडीने गारठलेले ते यान अत्यंत तुटपुंज्या विजेवर पुन्हा कसे सुरू करायचे, हा मोठा बिकट प्रश्न होता. चित्रपटात केन मॅटिंग्ली हा एक अवकाशवीर नकली यानात बसून जवळजवळ एकटाच तो सोडवतो. वस्तुतः ते काम पुष्कळांचे होते. जॉन अॅरन या तरुण अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विजेचा हिशेब मांडून कळा दाबण्याचा क्रम बसवला. मॅटिंग्ली त्या अनेकांपैकी एक होता. पडद्यावर पंधरा माणसे कागदावर बेरजा करताना दाखवली तर प्रेक्षक जांभया देतील, ही अडचण मला समजते. पण मुलाच्या मनावर ठसा काय उमटतो? चंद्रावर जाण्याचे काम एकेका अलौकिक वीराने केले, असा. खरी गोष्ट अशी, की ते काम हजारो सामान्य माणसांनी आपापला तुकडा चोख करून साधले. इथे एक तपशील बदलला एवढेच नव्हे. काम कसे होते, याची समजूतच बदलली.

हे टाळता येते का? येते. १९९८ साली अमेरिकेतल्या एचबीओ या वाहिनीने ‘फ्रॉम द अर्थ टू द मून’ नावाची बारा भागांची मालिका दाखवली. अपोलो १३ च्या चित्रपटात लॉव्हेलची भूमिका करणारा टॉम हँक्स हाच तिच्या निर्मात्यांत होता. अँड्र्यू चायकिन यांच्या संशोधनपूर्ण ग्रंथाचा तिला मुख्य आधार होता आणि प्रत्यक्ष चंद्रावर चाललेला डेव्हिड स्कॉट सल्लागार होता. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाइतके भरते. ते दाखवण्यासाठी नटांच्या पाठीला हेलियमचे फुगे बांधून त्यांचा भार हलका केला होता आणि हे चित्रण एका जुन्या हवाई-जहाजाच्या अवाढव्य शेडमध्ये झाले.

पण मला या मालिकेचे खरे कौतुक वाटते ते निराळ्याच कारणासाठी. तिचा एक संपूर्ण भाग चंद्रावर उतरणारे यान बांधणाऱ्या अभियंत्यांवर आहे. वजन कमी करायचे म्हणून त्यांनी यानातल्या खुर्च्याच काढून टाकल्या. माणसे उभी राहिली तर खिडकीजवळ येतात. जवळ आली तर खिडकी लहान चालते. खिडकी लहान झाली की काचेचे वजन वाचते. एका खुर्चीतून केवढा हिशेब निघाला, पाहा! आणि हे सारे नाट्यमय करायला कुणाला खलनायक बनवावे लागले नाही. दुसऱ्या एका भागात अपोलो १५ च्या वीरांना दगड पाहायला शिकवणारा भूविज्ञानाचा शिक्षक हाच नायक आहे. शाळामास्तर नायक आणि तोही चंद्राच्या गोष्टीत! पण ते खरे होते, म्हणून ते रंगले.

अपोलो १२ चा प्रसंग तर कुणा नाटककाराला सुचला नसता. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी पावसाळी ढगांतून अग्निबाण वर चढत असताना पहिल्या मिनिटाच्या आतच त्याच्यावर दोनदा वीज पडली. यानातले धोक्याचे दिवे लागले, नियंत्रण कक्षातल्या पडद्यांवर अर्थहीन आकडे दिसू लागले. मघाचाच तो जॉन अॅरन. त्याला आठवले, की पूर्वी एका चाचणीत असेच आकडे दिसले होते. त्याने एक कळ फिरवायला सांगितली. ती कळ कोणती, हे संचालकालाही ठाऊक नव्हते आणि यानाच्या प्रमुखालाही नव्हते; अॅलन बीनला मात्र ती नेमकी कुठे आहे हे माहीत होते. त्याने ती फिरवली, आकडे ताळ्यावर आले आणि यान चंद्राकडे गेले. सत्य इतके रंगतदार असताना त्यात पदरचे मीठ कशाला घालायचे?

याही मालिकेत कल्पित माणूस आहे. एमेट सीबॉर्न नावाचा एक वार्ताहर तिच्यात अधूनमधून दिसतो आणि घडामोडी सांगतो. असा वार्ताहर कधी झालाच नाही. पण त्याचे काम आपल्या तमाशातल्या किंवा संगीत नाटकातल्या सूत्रधारासारखे आहे. तो कुणाचे श्रेय घेत नाही, कुणाच्या माथी दोष मारत नाही. अशा कल्पनेला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मग हरकत कुठे घ्यायची? श्रोतेहो, आता मी जरा गंभीर गोष्टीकडे वळतो.

गस ग्रिसम हा अमेरिकेचा दुसरा अवकाशवीर. २१ जुलै १९६१ रोजी तो ‘लिबर्टी बेल ७’ या कुपीतून पंधरा-सोळा मिनिटांची झेप घेऊन समुद्रात उतरला. सुटकेसाठी कुपीला स्फोटाने उडणारे दार होते. हेलिकॉप्टर जवळ येत असतानाच ते दार उडाले, पाणी आत शिरले, कुपी बुडाली आणि ग्रिसम कसाबसा वाचला. तो अखेरपर्यंत सांगत राहिला, की मी कळ दाबली नाही, दार आपोआप उडाले. १९८३ साली ‘द राइट स्टफ’ या चित्रपटाने हा प्रसंग असा रंगवला, की माणूस घाबरला आणि हातून चूक झाली, असेच पाहणाऱ्याला वाटावे. चित्रपट गाजला. पुढे तो घराघरांतल्या पडद्यांवर पुन्हापुन्हा लागला आणि ग्रिसम म्हणजे घाबरट, अशी एका पिढीची समजूत झाली.

आता कागद काय म्हणतात ते पाहा. ती कळ दाबली, की तिचा उलट झटका हाताला जोराने बसे. १९६२ साली वॉल्टर शिरा या वीराने आपले उड्डाण संपल्यावर मुद्दाम तसेच दार उडवले, तेव्हा हातमोज्यातूनही त्याच्या हाताला जखम झाली. ग्रिसमच्या हातावर तसली कसलीही खूण नव्हती. शिवाय त्याच्या वरिष्ठांचा त्याच्यावर अविश्वास असता, तर मार्च १९६५ मध्ये जेमिनीच्या पहिल्या समानव उड्डाणाचे आणि त्यानंतर पहिल्या अपोलो उड्डाणाचे प्रमुखपद त्यांनी त्याला दिले असते का? १९९९ साली ती कुपी सुमारे पाच किलोमीटर खोल समुद्रातून वर काढली गेली. दार का उडाले याचा शेवटचा पुरावा तिच्यातही मिळाला नाही. पण जे मिळते, ते सारे ग्रिसमच्या बाजूने बोलते.

आणि ग्रिसम मात्र बोलू शकत नव्हता. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ ची जमिनीवर चाचणी चालली असताना शुद्ध प्राणवायूने भरलेल्या यानात आग लागली. दार आत उघडणारे होते. आतला दाब वाढल्यावर ते उघडेना. ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघेही आत गुदमरून मेले. चित्रपट निघाला तेव्हा ग्रिसमला जाऊन सोळा वर्षे झाली होती. त्याची पत्नी व मुले मागे होती आणि त्यांना तो चित्रपट पाहावा लागला. जिवंत माणसाची बदनामी केली तर तो कोर्टात जाईल, निदान वर्तमानपत्रात पत्र तरी लिहील. मेलेल्या माणसाने काय करावे?

हे दुखणे आपल्याला परके नाही. छत्रपती संभाजीमहाराजांचे काय झाले, आठवा. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली. तिच्यातले काळे चित्र पुढे नाटकांनी उचलले, कादंबऱ्यांनी उचलले आणि रंगभूमीवरचा संभाजी हाच लोकांचा संभाजी झाला. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे पारखून १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते चित्र पुसायला आरंभ झाला. एक बखर लिहायला काही महिने पुरतात. ती खोडून काढायला दीडशे वर्षे लागली. ग्रिसमचे दैव त्या मानाने बरे म्हणायचे, कारण त्याच्याबद्दलचे कागद शाबूत होते. १९९८ च्या मालिकेचा दुसरा भाग त्या आगीवर आणि तिच्या चौकशीवर आहे. त्यात दोष कुणा एका माणसावर ढकललेला नाही. घाई, बेफिकिरी आणि "असं काही होईल हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही" ही खरी कारणे मांडली आहेत.

आता आपल्या देशाकडे येऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘रॉकेट बॉइज’ ही हिंदी मालिका आली. तिचे दुसरे पर्व मार्च २०२३ मध्ये आले. होमी भाभा आणि विक्रम साराभाई हे तिचे नायक. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे, ट्रॉम्बेला १९५६ साली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू करणारे भाभा अनेक तरुणांना प्रथम या मालिकेतून भेटले. हे काही थोडे काम नव्हे. ज्या घरांत शास्त्रज्ञाचे नाव परीक्षेपुरते घेतात, त्या घरांत त्यांच्याबद्दल जेवताना बोलणे झाले.

पहिल्या पर्वाची अखेर थुंब्याच्या उड्डाणाने होते. तिथली हकीकत मुळातच मोठी लोभस आहे. तिरुवनंतपुरमजवळचे हे कोळ्यांचे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ. म्हणून वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला ते फार सोयीचे. पण मोक्याच्या जागी मेरी मॅग्डेलीनचे चर्च उभे. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, की विज्ञानासाठी हे देवाचे घर द्यायचे का? गावकऱ्यांनी ते दिले. ही हकीकत अब्दुल कलाम यांनी पुढे अनेकदा सांगितली. त्याच चर्चमध्ये अग्निबाण जुळवला गेला. तो उचलणाऱ्या यारीतले तेल गळू लागले, तेव्हा माणसांनी अंगबळाने तो जागेवर बसवला, हेही कलामांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी उड्डाण झाले आणि सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग दक्षिणेच्या आकाशात दूरवरच्या लोकांनी पाहिला.

फक्त एवढे ध्यानात ठेवायचे, की तो अग्निबाण भारतीय नव्हता. तो ‘नाइकी-अपाची’ जातीचा, अमेरिकेचा होता. सोडियमचे उपकरण फ्रान्सचे होते. रशियानेही त्या केंद्राला मदत केली होती. आपला स्वतःचा पहिला लहानगा ‘रोहिणी’ अग्निबाण थुंब्याहून उडाला तो चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये. हे सांगितल्याने आपला मान कमी होतो का? मला तर उलट वाटते. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि रशिया यांना एकाच वाळूवर कामाला लावणे, ही साराभाईंची करामत काही लहान नव्हती. पण देशाभिमानाच्या भरात "आपला पहिला अग्निबाण" असे आपण म्हणून जातो आणि खरी करामत झाकून टाकतो.

या मालिकेवर टीका झाली ती रझा मेहदी या पात्रामुळे. भाभांचा प्रतिस्पर्धी असा हा कलकत्त्याचा शास्त्रज्ञ संपूर्ण कल्पित आहे. पण कलकत्ता, अणुविज्ञान, लोकसभा आणि भाभांशी मतभेद एवढ्या खुणा पाहिल्यावर जाणकारांना एकच नाव आठवले. ते मेघनाद साहा यांचे. नाव बदलले म्हणजे निर्मात्याची कायद्यातून सुटका होते हो. पण प्रेक्षक गाळलेली जागा मनातल्या मनात भरतो!

साहा कोण होते? ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. जातीमुळे वसतिगृहात अपमान सोसून तो शिकला आणि १९२० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान उलगडणारे समीकरण त्याने जगाला दिले. १९५२ साली साहा लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले. १९५४ मध्ये त्यांनी तिथे अणुशक्तीच्या धोरणावर चर्चा घडवून आणली. संशोधन विद्यापीठांत राहावे की सरकारी संस्थांत एकवटावे, त्यात गुप्तता किती असावी, हे त्यांचे प्रश्न होते. भाभांचे उत्तर वेगळे होते. दोघेही मोठे होते, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि तो वाद आजही जुना झालेला नाही. पडद्यावर मात्र अशा वादाचा दोन माणसांतला हेवा होऊन बसतो. धोरणांचा झगडा दाखवायला कठीण. मत्सर दाखवायला सोपा.

आणखी एक गंमत सांगू? आकाशवाणीच्या बातम्यांत इंग्रजी तारखेबरोबर शके आणि भारतीय महिना सांगितलेला तुम्ही ऐकला असेल. ते राष्ट्रीय पंचांग ज्या समितीने आखले, तिचे अध्यक्ष मेघनाद साहाच होते. २२ मार्च १९५७ पासून ते लागू झाले; ते पाहायला साहा उरले नव्हते. फेब्रुवारी १९५६ मध्येच त्यांचे निधन झाले होते. ज्या माणसाने देशाला तारीख दिली, त्याची आठवण एका कल्पित प्रतिस्पर्ध्याच्या छायेत जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

भाभांच्या मृत्यूबद्दलही सावधपणे पाहिले पाहिजे. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराजवळ आदळले आणि विमानातल्या ११७ जणांपैकी कुणीही वाचले नाही. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात परदेशी हेरखात्याच्या कटाचा धागा विणलेला आहे. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष निराळा आहे. विमानातले एक दिशादर्शक यंत्र बिघडलेले होते. आपण शिखर ओलांडले की नाही, याबद्दल वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला. कटाची कथा चविष्ट असते. गैरसमजाची कथा पाणचट वाटते. पण पुराव्याला चव नसते. आणि मुलांना आपण पुराव्याशिवाय संशय घ्यायला शिकवले, तर त्यांना विज्ञान शिकवण्यात काय अर्थ राहिला?

केवळ मालिकावालेच चुकतात असे मात्र नाही. आपणही चुकतो. सायकलच्या मागे अग्निबाणाचे टोक बांधून चाललेल्या माणसांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. पुष्कळ जण ते पहिल्या उड्डाणाचे म्हणून दाखवतात. वस्तुतः आंरी कार्तिये-ब्रेसाँ या थोर फ्रेंच छायाचित्रकाराने ते १९६६ साली टिपले. दुसरे छायाचित्र बैलगाडीवर ठेवलेल्या ‘अॅपल’ उपग्रहाचे. ते पाहून कुणी म्हणते, "बघा, ट्रकलासुद्धा पैसे नव्हते!" हेही खरे नाही. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि भोवती धातू असला तर तिच्यात बिघाड येतो. म्हणून लाकडी बैलगाडी मुद्दाम निवडली. जून १९८१ मध्ये तो उपग्रह अवकाशात गेला. चित्र अगदी खरे. त्याखालची ओळ खोटी. गरिबीची गोष्ट म्हणून आपण जिच्यावर अश्रू ढाळतो, ती खरे म्हणजे हुशारीची गोष्ट आहे.

तर मग नाटककाराने करावे काय? त्याला कल्पनेची बंदी करावी, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. २०१९ पासून आलेल्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या मालिकेत तर चंद्रावर पहिले पाऊल रशियन माणसाचे पडते! तरी त्याबद्दल कुणी रागावले नाही. कारण तिने पहिल्याच प्रसंगात पत्ते उघडे टाकले, की असे घडले असते तर काय झाले असते, याची ही गोष्ट आहे. जाहीर केलेली कल्पना ही फसवणूक नव्हे. फसवणूक होते ती "सत्यकथेवर आधारित" अशी पाटी लावून सोयीचे तेवढे बदलण्यात.

मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठेवली आहे. संवाद रचले, चार दिवसांचे दोन केले, दोन दुय्यम माणसांचे एक केले, तर चालेल. पण एकाचे श्रेय दुसऱ्याला दिले, एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला, किंवा घडलेल्या गोष्टीचे कारणच बदलले, तर ते चालणार नाही. मग चित्रण कितीही सुंदर असो. पहिल्या प्रकारात वेळ वाचतो. दुसऱ्या प्रकारात माणूस मारला जातो. आणि बहुधा तो आधीच मेलेला असतो, म्हणून ओरडत नाही.

आपल्या हातीही थोडे आहे. चंद्रावर चाललेल्या बारा माणसांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. थुंब्याच्या त्या संध्याकाळचे साक्षीदारही विरळ होत चालले आहेत. यापुढे मुलांना ही माणसे पडद्यावरच भेटणार. म्हणून मालिका जरूर पाहावी, मुलांना शेजारी घेऊन पाहावी, आणि ती संपल्यावर त्या विषयावरचे एखादे पुस्तक वाचनालयातून घरी आणावे. "हे खरंच असं झालं होतं का हो?" असे पोराने विचारले, तर त्याला घाईने हो किंवा नाही सांगू नये. "चल, दोघे मिळून शोधू," असे म्हणावे. गस ग्रिसमचा हात पाहणाऱ्यांनीही तेवढेच केले होते.